मानेवरचे ओझे : मानदुखी कशी ओळखावी, कशी कमी करावी, कशी टाळावी

या स्मरणिकेसाठी लेख मागविणारे पत्र आले, तेव्हा वसतिगृहातील दिवसांविषयी काही लिहावे, असे आमच्या मनात होते. आम्ही तिघे याच शाळेचे माजी विद्यार्थी. आमच्यापैकी एक जण फिजिओथेरपीच्या व्यवसायात आहे, एक परिचारिका आहे आणि एक अध्यापन करतो. पालक-मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बाक मांडून, येणाऱ्यांना आरोग्यविषयक चार गोष्टी सांगण्याचे काम आम्ही काही वर्षे करीत आलो आहोत. तेथे एक गोष्ट वारंवार ध्यानात आली. रक्तदाब मोजून घ्यायला लोक रांग लावतात, मधुमेहाविषयी विचारतात. मानेचे दुखणे मात्र उठता उठता, चप्पल पायात सरकवताना सांगतात. "तेवढं मानेचंही काही असलं तर सांगा." जणू ते दुखणे वेगळे विचारण्याच्या योग्यतेचेच नाही. म्हणून आठवणींचा लेख बाजूला ठेवून, उठता उठता विचारल्या गेलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

वारजे हे एके काळचे मुठेकाठचे गाव. आज मुंबई-बंगळुरू महामार्गाच्या बाह्यवळणाने ते दुभंगले आहे आणि इमारतींनी भरून गेले आहे. या इमारती ज्यांनी उभ्या केल्या, त्यांत आमच्या शाळेचे कितीतरी पालक आहेत. घमेली वाहणाऱ्या बाया, सिमेंटची पोती उतरविणारे पुरुष, घरी शिवणयंत्र चालवून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनी, रिक्षाचालक, घरोघरचा कचरा उचलणारे सफाईकर्मी हे आपले पालक. त्यांची शिकलेली मुले म्हणजे आपले माजी विद्यार्थी. ते आता संगणकासमोर आठ-नऊ तास बसतात, किंवा दुचाकीवरून दिवसभर पार्सले पोहोचवितात. आईच्या डोक्यावर ओझे होते, मुलाच्या डोक्यावर नाही. दुखणे मात्र दोघांचे एकाच जागी आहे, हे पाहून प्रथम आम्हालाही नवल वाटले होते.

जगभरच्या आजारांची मोजदाद करणाऱ्या अभ्यासकांनी 2020 साली मानदुखीने त्रस्त असलेल्यांची संख्या सुमारे 20 कोटी 30 लाख काढली आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आहे. या दुखण्याने सहसा जीव जात नाही, म्हणूनच ते दुर्लक्षित राहते. परंतु रोजंदारीवर पोट असणाऱ्याची मान आठ दिवस धरली, तर आठ दिवसांची चूल अडते. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या दृष्टीने प्रश्न मुळात तेथे आहे.

आता मानेची रचना थोडक्यात पाहू. कवटीपासून पाठीपर्यंत मानेत सात मणके असतात. गंमत अशी की, जिराफाच्या उंच मानेतही सातच असतात. वरचे दोन मणके डोके हलविण्यासाठी विशेष घडणीचे आहेत. दुसऱ्या मणक्यापासून खाली, प्रत्येक दोन मणक्यांमध्ये मऊ पण चिवट अशी एक चकती असते. ती धक्के सोसते. मणक्यांच्या आतील पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि दोन्ही बाजूंच्या फटींतून मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडतात. खांदा, दंड, मनगट, बोटे यांची हालचाल आणि संवेदना प्रामुख्याने त्यांच्यावर अवलंबून असते. म्हणून बिघाड मानेत असूनही मुंग्या अंगठ्याला येतात. मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून मेंदूच्या मागील भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात. हा तपशील लक्षात असू द्यावा, पुढे न्हाव्याच्या खुर्चीचा विषय निघणार आहे.

या सात मणक्यांच्या खांबावर डोके तोललेले असते. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो, म्हणजे वाण्याकडच्या पाच किलो पिठाच्या पिशवीएवढे. ही पिशवी छातीशी धरून उभे राहणे सोपे आहे, हात लांब करून धरणे कठीण. डोके पुढे झुकले की, मानेच्या मागच्या स्नायूंची अवस्था लांब केलेल्या हातासारखी होते. न्यूयॉर्कमधील केनेथ हंसराज या शल्यविशारदांनी 2014 साली एक गणित मांडले. मान 15 अंश झुकली तर मणक्यांवर सुमारे 12 किलोंचा, 30 अंश झुकली तर 18 किलोंचा आणि 60 अंश झुकली तर 27 किलोंचा भार येतो, असा त्यांचा हिशेब आहे. हे आकडे वृत्तपत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांतून फार फिरले. ते संगणकावरील प्रतिमानाचे उत्तर आहे, जिवंत माणसांच्या मानेत मोजलेला भार नव्हे, एवढे भान ठेवावे. शिवाय वाकून बसणाऱ्या प्रत्येकाची मान दुखते आणि ताठ बसणाऱ्याची दुखत नाही, असेही संशोधनातून निर्विवाद दिसलेले नाही. आमचा अनुभव असा की, झुकण्याच्या कोनापेक्षा न हलता बसण्याचा काळ अधिक छळतो. अगदी आदर्श बैठक घेऊनही दोन तास पुतळ्यासारखे बसले तर मान कुरकुरणारच.

बहुतेक मानदुखीचे मूळ स्नायू, सांधे आणि त्यांना बांधणारे बंध यांच्या ताणात असते. सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळत नाही, खांद्यापर्यंत दुखते, स्नायूची गाठ हाताला लागते. याला आपल्याकडे मान धरणे, मान आखडणे, उसण भरणे असे म्हणतात. दुसरा प्रकार मज्जातंतू दाबला जाण्याचा. त्यात मानेपेक्षा हात अधिक दुखतो, वीज चमकल्यासारखी कळ दंडातून बोटांपर्यंत जाते, बोटे बधिर होतात. तिसरा प्रकार मज्जारज्जूच दाबला जाण्याचा. तो तुलनेने विरळा आहे, परंतु त्याची आम्हाला सर्वाधिक धास्ती आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

येथे 'मणक्यात गॅप' या शब्दप्रयोगाविषयी थोडे विषयांतर करतो. व्हरांड्यातल्या बाकावर येणारे निम्मेअधिक लोक क्ष-किरण चित्राची पिवळी पडलेली पाकिटे घेऊन येतात आणि "गॅप आहे म्हणाले" असे खालच्या आवाजात सांगतात. गॅप म्हणजे मणके एकमेकांपासून सुटत चालले आहेत, उद्या ओझे उचलले तर मान तुटेल, अशी कल्पना करून काहींनी काम सोडले आहे, काहींनी वर्षानुवर्षे गळ्यात पट्टा बांधला आहे. वस्तुतः वयोमानाने चकत्यांतील पाणी कमी होते, त्या चपट्या होतात, कडेला हाडाची टोके वाढतात. केस पिकावेत तसाच हा बदल आहे. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या 1211 व्यक्तींची एमआरआय तपासणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. त्यांतील सुमारे 88 टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. वय वर्षे विशीतल्या तरुणांमध्येही हे प्रमाण मोठे होते. यांपैकी कोणाचीही मान दुखत नव्हती. तेव्हा चित्रात झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे होत नाही. लक्षणे, तपासणी आणि चित्र ही तिन्ही जुळली तरच त्या चित्राला अर्थ. ज्या पालकांनी केवळ एका शब्दाच्या भीतीने हालचाल थांबवली आहे, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, ही विनंती.

डोक्यावरील ओझ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. आफ्रिकेतील घाना देशात डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांच्या क्ष-किरण तपासणीत मानेच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा अधिक आढळल्याची नोंद आहे. आपल्या राज्यात तर या श्रमाला शब्दच माथ्यावरून मिळाला. माथाडी कामगारांसाठीचा महाराष्ट्राचा कायदा 1969 सालचा. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हमाल पंचायतीने मजुरीच्या बरोबरीने पोत्याच्या वजनाचा प्रश्न लावून धरला. शंभर किलोंचे पोते पन्नास किलोंचे व्हावे, ही मागणी हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षे लढवावी लागली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या वजनाची मर्यादा 55 किलोंवर आणण्याची शिफारस केली होती, हे पाहता हमाल काही अवाजवी मागत नव्हते. पुण्यातीलच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली स्थापन झाली. डोक्यावर आणि पाठीवर बोजा वाहून कचरा वेचणाऱ्यांच्या हाती पुढे ढकलगाडी आली. आम्हाला वाटते, मानेच्या आरोग्याचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात मलमांच्या आणि पट्ट्यांच्या आधी हलके पोते आणि ढकलगाडी यांचा उल्लेख यावा. व्यायाम करा, असे पन्नास घमेली चढविणाऱ्या बाईला सांगताना आम्हाला संकोच वाटतो, तो यामुळेच.

तरीही जे काम सुटण्यासारखे नाही, त्यात काही करता येते. घमेले काठोकाठ न भरता एखादी खेप अधिक करावी. चुंबळ जाड आणि बसकी असावी, म्हणजे ओझे डोलत नाही. डोलणारे ओझे सावरताना मानेचे स्नायू सतत आवळलेले राहतात. ओझे डोक्यावर चढविताना आणि उतरविताना दुसऱ्याचा हात घ्यावा. डोक्यावर वजन असताना मान वळवून मागे पाहू नये, पायांनी पूर्ण वळावे. सकाळच्या पहिल्या खेपेआधी खांदे आणि मान दोन मिनिटे हलवून मोकळी करावी. पहिलवान अंग गरम केल्याशिवाय आखाड्यात उतरत नाही, मग मजुराने का उतरावे?

शिवणयंत्रावर बसणाऱ्या भगिनींचा त्रास उजेडाशी जोडलेला असतो. सुई दिसत नाही म्हणून मान पुढे जाते. खिडकीशेजारी यंत्र ठेवणे किंवा सुईजवळ छोटा दिवा लावणे, आणि चाळिशी लागली असेल तर ती खरोखर वापरणे, एवढ्यानेही फरक पडतो. दुभिंगी चष्मा वापरणाऱ्या संगणककर्मींना खालच्या भिंगातून पडदा पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते. त्यांनी पडदा थोडा खाली घ्यावा. इतरांनी पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी. लॅपटॉप खाली असतो, त्याखाली जाड पुस्तके रचावीत आणि कळफलक वेगळा जोडावा. भ्रमणध्वनी पाहताना कोपरे मांडीवरच्या उशीवर किंवा मेजावर टेकवून तो डोळ्यांजवळ आणावा. दुचाकीस्वारांना खड्डे आणि गतिरोधक टाळता येत नाहीत, परंतु शिरस्त्राण सैल असेल तर प्रत्येक धक्क्याला ते डोक्यावर हिंदकळते. नीट बसणारे, हनुवटीखाली पट्टा लावलेले शिरस्त्राण मानेलाही सोयीचे पडते. मानेला त्रास होतो म्हणून ते न घालण्याची सबब मात्र कोणी सांगू नये.

आणि काळजी. कर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न, नोकरीची अनिश्चिती, अपुरी झोप यांनी खांदे नकळत कानांकडे चढतात आणि तेथेच राहतात. हे मनाचे खेळ आहेत, असे आम्ही म्हणत नाही. ताण, अपुरी झोप आणि खिन्नता असलेल्यांत मानदुखी अधिक काळ रेंगाळते, ही वैद्यकाला माहीत असलेली गोष्ट आहे. एका पालकांची मान मुलाचा प्रवेश निश्चित झाल्यावर सुटली, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

आता आपल्या वसतिगृहाकडे वळू. पहाटे विद्यार्थी ध्यानाला बसतात, तेव्हा पाठ सरळ, खांदे सैल, हनुवटी किंचित आत, अशी बैठक त्यांना शिकवली जाते. मानेच्या दृष्टीने याहून चांगली बैठक आम्हाला सांगता येणार नाही. परंतु तोच विद्यार्थी रात्रीच्या अभ्यासाला सतरंजीवर मांडी घालतो, पुस्तक जमिनीवर ठेवतो आणि त्याच्यावर ओणवा होतो. आम्हीही तसेच शिकलो. दहावीच्या वर्षी आमच्या खोलीतील प्रत्येकाच्या ट्रंकेत मलमाची एक डबी असे आणि ती आम्ही अभ्यासाची खूण म्हणून अभिमानाने दाखवीत असू.

त्यात 14 एप्रिलच्या सुमारास अठरा तास अभ्यासाचा उपक्रम येतो. महाराष्ट्रात विद्यापीठांपासून वस्तीतल्या अभ्यासिकांपर्यंत ठिकठिकाणी हा उपक्रम होतो आणि बाबासाहेबांना अभिवादन करण्याची याहून समर्पक रीत आम्हाला दिसत नाही. परंतु अठरा तास मान वर न करणे म्हणजे निष्ठा, अशी जी चढाओढ मुलांत लागते, ती थांबवायला हवी. बाबासाहेबांची ज्ञानसाधना जशी आपण सांगतो, तसे अखेरच्या वर्षांत ते मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या वेदनांनी किती त्रस्त होते, हेही मुलांना सांगावे. दर अर्ध्या तासाने घंटा वाजवावी, सर्वांनी उभे राहावे, दोन मिनिटे खांदे फिरवावेत, पाणी प्यावे आणि पुन्हा बसावे. अठरा तासांतून तासाभराहून थोडा अधिक वेळ जाईल. अलीकडे आपल्या शाळेत ही घंटा सुरू झाली आहे. आरंभी काही मुलांना ती अभ्यासात व्यत्यय वाटली, आता घंटा चुकली तर तीच मुले आठवण करतात.

दप्तराविषयी नियम स्पष्ट आहे. विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नसावे, असा शासन निर्णय महाराष्ट्राने जुलै 2015 मध्ये काढला आणि 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही तीच मर्यादा आहे. तीस किलोंच्या मुलाला तीन किलो. निवासी विद्यार्थ्यांना दप्तर फार अंतर वाहावे लागत नाही, परंतु सुट्टीत घरी जाताना एका खांद्यावर लटकविलेली पिशवी पाहिली की, आम्हाला बोलल्यावाचून राहवत नाही. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर, आणि जड पुस्तके पाठीला लागून.

मान धरलीच, तर काय करावे? पहिले दोन-तीन दिवस दुखेल त्या हालचालीची जबरदस्ती करू नये, पण मान अगदी ताठ धरूनही बसू नये. जेवढी वळते तेवढी, दर तासाला हळूहळू वळवीत राहावी. पूर्वी अशा वेळी अंथरुणात पडून राहायला सांगत. आता उलट सांगितले जाते, कारण पडून राहिल्याने स्नायू अधिक आखडतात. गरम पाण्याच्या पिशवीने किंवा तव्यावर गरम केलेल्या कापडाने पंधरा मिनिटे शेक घ्यावा. कापड आधी हाताच्या मागच्या बाजूला लावून पाहावे. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांना भाजल्याचेही कळत नाही. मलम चोळल्याने बरे वाटत असेल तर चोळावे, त्यातला निम्मा गुण चोळणाऱ्या हाताचा असतो. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस घेता येतात, परंतु औषधांच्या दुकानातून नाव सांगून आणलेल्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्याने जठराला व्रण होतो, मूत्रपिंडाला इजा होते. ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा आम्लपित्त आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना त्या घेऊच नयेत. गळ्यातील पट्टा अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितल्यास वापरावा. साध्या मानदुखीत तो दीर्घकाळ बांधला तर स्नायू आळशी होतात आणि पट्टा काढताच मान डगमगते. अशा रीतीने बहुतेकांची मान काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोकळी होते. ती पुन्हा केव्हातरी धरण्याचा संभव असतो. त्यात उपचार फसले असे समजू नये.

एक गोष्ट निक्षून सांगतो. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेण्याची सवय सोडावी. मेंदूला रक्त नेणाऱ्या ज्या धमन्यांचा उल्लेख वर केला, त्यांच्या आतील आवरणाला अशा झटक्याने चीर जाऊ शकते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. असे प्रसंग विरळ आहेत, परंतु वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. चार आण्यांच्या सुखासाठी एवढा धोका कशाला पत्करावा? शिरेवर चढलेली शीर उतरवून देतो म्हणणाऱ्यांच्या हातीही मान देऊ नये.

आता तो तिसरा प्रकार. आमच्या बाकावर एक मावशी येत. बांधकामावर घमेली वाहण्यात त्यांची वीस वर्षे गेली होती. मान दुखते म्हणाल्या, आम्ही व्यायाम दाखविला, मलम दिले. पुढच्या मेळाव्याला आल्या तेव्हा मान फारशी दुखत नव्हती आणि आम्ही समाधान मानले. निघताना त्या हसत म्हणाल्या, "हातच जड पडलेत पोरांनो, पोलक्याचं हूक लागत नाही, चप्पल कधी निसटली तेही कळत नाही." आम्ही वयाचा परिणाम म्हणून सोडून दिले. सहा महिन्यांनी भिंत धरल्याशिवाय त्यांना चालता येईना. तपासणीत मानेतील मज्जारज्जू दाबला गेल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया झाली, चाल बरीच सुधारली. परंतु बोटांतले नेमकेपण परत आले नाही. आजही हूक लावायला त्यांना नात लागते. चूक आमची होती. त्यांनी स्वतःच्या तोंडाने लक्षण सांगितले होते आणि आम्ही मानेच्या दुखण्याचीच विचारपूस करीत राहिलो.

तेव्हापासून मानेची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी विचारतो: गुंडी लावता येते का? नाणे जमिनीवरून उचलता येते का? चप्पल पायातून नकळत निसटते का? अंधारात चालताना तोल जातो का? लघवी रोखणे किंवा होणे कठीण झाले आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर चिंताजनक असेल, तर मान दुखत असो वा नसो, विलंब न करता अस्थिरोग किंवा मेंदू-मज्जा विकारांच्या डॉक्टरांकडे जावे. दाबलेला रज्जू लवकर मोकळा केला तर पुष्कळ वाचते. उशीर झाला की, शस्त्रक्रियेने पुढची हानी थांबते, पण झालेली भरून येईलच असे नाही.

आणखीही काही प्रसंग घरी थांबण्याचे नाहीत. पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखू लागली, तर त्या व्यक्तीची मान न हलविता मदत बोलवावी. ताप, तीव्र डोकेदुखी आणि हनुवटी छातीला न टेकण्याइतकी ताठरलेली मान ही मेंदूज्वराची चिन्हे असू शकतात. वसतिगृहातील पर्यवेक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. रात्री झोपेतून उठविणारी, विश्रांतीनेही न थांबणारी वेदना, सोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि वजनात घट असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करावी. हा रोग आपल्या देशात आजही आढळतो, वेळेवर कळला तर औषधांनी बरा होतो आणि क्षयरोगाची औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतात. मान, जबडा आणि डावा हात यांत कळ येऊन दम लागला, घाम फुटला, तर ते दुखणे मानेचे नसून हृदयाचे असू शकते. त्या वेळी शेक घेत बसू नये.

व्यायामांची यादी देण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण यादी लांबली की कोणी काहीच करीत नाही. तीन पुरेत. पहिला, भिंतीला पाठ टेकून उभे राहावे आणि नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे न्यावी, जणू कोणी कपाळाला हलकेच मागे ढकलले आहे. पाच आकडे मोजावेत, सोडावे, दहा वेळा करावे. दुसरा, तळहात कपाळावर ठेवून डोक्याने त्यावर दाब द्यावा, मात्र मान हलू देऊ नये. असेच मागे आणि दोन्ही कानांच्या वर. तिसरा खांद्यांचा. डेन्मार्कमध्ये मानदुखी असलेल्या 198 कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांनी रबरी पट्टी ताणत दोन्ही हात बाजूंनी खांद्यांपर्यंत उचलण्याचा व्यायाम दिवसाला केवळ दोन मिनिटे केला, काहींनी बारा मिनिटे केला. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले होते. बारा मिनिटांचा वेळ कोणाला नसतो, दोन मिनिटांचा सर्वांना असतो. पट्टीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पायाखाली धरून चालतो, किंवा पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या. व्यायाम करताना ताण जाणवावा, पण हाताकडे कळ जाऊ लागली तर थांबावे. मान गरगर गोल फिरविण्याची गरज नाही. चक्कर येणाऱ्या वृद्धांनी तर ते करूच नये. मानदुखी असताना शीर्षासनही नको.

राहता राहिली उशी. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या रुंदीइतकी उंची भरून काढणारी उशी लागते, उताणे झोपणाऱ्याला त्याहून कमी. पालथे झोपणाऱ्याची मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, ती सवय मोडणे उत्तम. महागड्या 'सर्व्हायकल' उशीवाचून काही अडत नाही. घडी घातलेली चादर किंवा गुंडाळलेला पंचा मानेच्या पोकळीखाली ठेवला तरी तेच काम होते. वसतिगृहात आम्ही ट्रंकेवर डोके ठेवून दुपारची डुलकी घेत असू, त्याचे फळ सायंकाळच्या कबड्डीत मिळे.

गेल्या वर्षी वरच्या वर्गातील मुलांनी पालकांपैकी एका सुतारकाकांच्या देखरेखीखाली अभ्यासासाठी उतरत्या फळ्या तयार केल्या. पूर्वीच्या पेढ्यांवर मुनीम ज्या बुटक्या, उतरत्या झाकणाच्या मेजावर लिहीत, त्याच घडणीच्या, बांधकामावरच्या टाकाऊ प्लायवूडच्या. मांडी घालून बसले की पुस्तक छातीच्या पातळीला येते आणि मान सरळ राहते. फळीच्या खालच्या कडेला पेन्सिल घरंगळू नये म्हणून बारीक पट्टी ठोकली आहे, ती कल्पना सातवीतल्या एका मुलाची. सध्या अशा फळ्या सगळ्यांना पुरतील इतक्या नाहीत, म्हणून दहावीच्या मुलांना आधी आणि इतरांना आळीपाळीने दिल्या जातात. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे प्लायवूडचे तुकडे किंवा सुटीचे दोन तास असतील, त्यांनी मेळाव्याच्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकाशी यावे. येताना पालकांचे जुने क्ष-किरण चित्र सोबत आणायला हरकत नाही. आधी मात्र आम्ही गुंडीचे विचारू.